सॉलिड स्टेटची वाट पाहायची की आत्ताची एलएफपी घ्यायची?

घाटमाथा (प्रश्न)

आधी वापर सांगतो, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत. रोज ५० किमी पुण्यातल्या पुण्यात. महिन्यातून दोनदा पुणे–कोल्हापूर, एका बाजूला साधारण २३० किमी. वर्षातून दोनतीनदा महाबळेश्वर, आणि तिथून आंबेनळीने पोलादपूरला उतरून कोकण. सोसायटीत ठरलेलं पार्किंग आहे, पण मीटर रूमपासून तिथपर्यंत केबल ६० मीटर लागेल. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची. बजेटमध्ये ४५ ते ५५ युनिटच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या गाड्या बसतात. (धाग्यात युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलावर असतं तेच.)

प्रश्न चार:

१. सॉलिड स्टेटसाठी (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटरीसाठी) दोन वर्षं थांबण्यात अर्थ आहे का? हजार किलोमीटर रेंजच्या बातम्या खऱ्या किती?
२. सोडियम-आयन आल्यावर गाड्या स्वस्त होतील म्हणतात. मग आज लिथियमची गाडी घेणं म्हणजे फसणं का?
३. पाच मिनिटांत ४०० किमीचं चार्जिंग आपल्याकडे कधी?
४. मॅन्युअल म्हणतं आठवड्यातून एकदा १०० टक्के करा. बाकी सगळे म्हणतात ८० च्या वर जाऊ नका. खरं काय?

---

कॅथोड

पहिल्या प्रश्नाचं घेतो. बाजारात तुरी, अशातलाच प्रकार आहे, पण तुरी खोट्या नाहीत. फक्त त्या अजून शेतात आहेत.

टोयोटाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला सॉलिड स्टेट आणू. ऑक्टोबर २०२३ मध्ये इदेमित्सू कोसान या तेल कंपनीबरोबर करार झाला तेव्हा लक्ष्य २०२७-२८ झालं. दरम्यान प्रात्यक्षिकं झाली आणि ती खरी आहेत. २०२५ मध्ये मर्सिडीजची ईक्यूएस फॅक्टोरियल कंपनीचे लिथियम-धातूचे सेल घेऊन जर्मनीतल्या श्टुटगार्टहून स्वीडनमधल्या माल्मोपर्यंत १,२०५ किमी एका चार्जमध्ये गेली. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये निओ या चिनी गाडी कंपनीचे प्रमुख विल्यम ली यांनी १५० युनिटच्या पॅकवर १,०४४ किमी चालवून दाखवलं. पण तो पॅक सेमी-सॉलिड होता, म्हणजे आत थोडा द्रव इलेक्ट्रोलाइट (ज्यातून लिथियमची ये-जा होते तो पदार्थ) असलेला. बातमीत 'सेमी' शब्द गळतो, तेवढा आधी शोधायचा. आणि १५० युनिट म्हणजे तुमच्या यादीतल्या गाडीच्या तिप्पट बॅटरी. तिने तिप्पट अंतर कापलं तर त्यात नवल कसलं?

अडचण कुठे आहे? साध्या सेलमध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट प्रत्येक फटीत शिरतो. इलेक्ट्रोड फुगला, आकसला तरी संपर्क तुटत नाही. घन इलेक्ट्रोलाइट तसा शिरत नाही. चार्ज होताना लिथियमचा थर जाड होतो, डिस्चार्ज होताना पातळ होतो, आणि दोन घन पृष्ठभागांमध्ये सूक्ष्म पोकळ्या पडतात. उरलेल्या संपर्काच्या जागी सगळा करंट एकवटतो आणि तिथूनच लिथियमची सुई सिरॅमिकच्या कणांमधल्या सीमांतून आरपार वाढते. झाला आतल्या आत शॉर्ट. म्हणून प्रयोगशाळेत सेल शिकंजात दाबून धरतात. दाब ५ मेगापास्कल धरा. ३० बाय १० सेंटिमीटरच्या सेलवर तो साधारण १५ टन वजनाएवढा होतो. एवढा दाब आठ-दहा वर्षं, खड्ड्यांतून, सगळ्या सेलवर सारखा ठेवणारी चौकट गाडीत बसवायची, तर वाचवलेलं वजन त्या चौकटीतच जातं. सगळी धडपड हा दाब उतरवण्याची आहे.

दुसरं, सल्फाइड जातीचा घन इलेक्ट्रोलाइट लिथियम आयनांचं वहन उत्तम करतो, पण हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड सोडतो. कुजक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी वायू. म्हणजे कारखान्यात दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली ठेवलेली कोरडी खोली लागते, आणि तीही लांबच्या लांब लाइनभर. एक सेल हाताने बनवणं आणि दिवसाला हजारो बनवून त्यातले बहुतेक पास होणं, यातलं अंतर पैशाचं आहे.

समजा २०२८ मध्ये सॉलिड स्टेट गाडी आलीच. ती आधी महागड्या गाडीत येणार. पंधरा-वीस लाखांच्या गाडीत यायला आणखी काही वर्षं. तुमच्या वापरात तिचा फायदा किती? ४५ युनिटचा एलएफपी पॅक साधारण ३३० किलोचा. ऊर्जाघनता दुप्पट झाली तर दीडशे-पावणेदोनशे किलो वाचतील. हायवेवर १०० च्या वेगाला जास्त वीज हवा कापण्यात जाते, वजन ओढण्यात नाही. त्यामुळे रेंज काही टक्क्यांनी वाढेल, दुप्पट होणार नाही. दुप्पट हवी तर दुप्पट युनिट भरावे लागतील आणि त्यांचे पैसेही.

---

डीपीवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बॅटरीत कमी आणि तारेत जास्त आहे.

चीनच्या बीवायडीने मार्च २०२५ मध्ये १,००० व्होल्ट, १,००० अँपिअर, म्हणजे १ मेगावॅटचं चार्जिंग दाखवलं. पाच मिनिटांत ४०० किमी. महिन्याभरात तिथल्याच सीएटीएलने शेनशिंग या बॅटरीच्या दुसऱ्या पिढीसाठी पाच मिनिटांत ५२० किमीचा दावा केला. दोन्ही एलएफपी बरं का. सॉलिड स्टेट नाही की सोडियम नाही. मला यातली खरी बातमी हीच वाटते.

आता आपल्या रस्त्यावर या. सोसायटीच्या कोपऱ्यात जी डीपी असते ती बहुधा ३१५ किंवा ६३० केव्हीएची. एक मेगावॅटची एक चार्जिंग गन म्हणजे ६३० ची अख्खी डीपी आणि वर निम्मी. महामार्गावरच्या हॉटेलात अशा दोन गन लावायच्या तर ११ केव्हीचा स्वतंत्र फीडर, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि मंजूर भाराचा दरमहा डिमांड चार्ज. गाडी दिवसातून चार आल्या तरी तो चार्ज पूर्ण भरावा लागतो. यावर तोड म्हणजे स्टेशनवरच मोठी बॅटरी ठेवायची, ती दिवसभर हळूहळू भरायची आणि गाडीला पाच मिनिटांत ओतायची. चीनमध्ये जिथे लाइन अपुरी आहे तिथे हेच करतात. म्हणजे गाडीत बॅटरी, आणि गाडी भरायला आणखी एक बॅटरी.

उष्णतेचा हिशेबही करून बघा. १ मेगावॅटने भरताना पॅकमध्ये फक्त ३ टक्के वाया गेले तरी ३० किलोवॅट उष्णता होते. घरातला दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॅट काढतो. म्हणजे पाच-सहा एसींचं काम गाडीच्या पोटात, मे महिन्यात, आणि बाहेर ४२ अंश. सेलचा आतला रोध कमी केल्याशिवाय हे जमत नाही, आणि त्यासाठी इलेक्ट्रोडचे थर पातळ करावे लागतात. थर पातळ केले की त्याच डब्यात युनिट कमी मावतात. फुकट काहीच मिळत नाही.

आज व्यवहारात काय? तुमच्या यादीतल्या बहुतेक गाड्या ६० किलोवॅटच्या आसपास घेतात. ४५ युनिटच्या बॅटरीत २० ते ८० टक्के म्हणजे २७ युनिट, साधारण ३५ मिनिटं. पण तीन गोष्टी बघा.

चार्जरवर '६० किलोवॅट, २ गन' लिहिलं असेल तर दुसरी गाडी लागताच दोघांना तीस-तीस मिळतात, आणि तुमची ३५ मिनिटं तासाच्या घरात जातात. म्हणून ॲपमध्ये रिकामी गन नव्हे, रिकामा चार्जर शोधा.

दुसरं, गनची अँपिअर मर्यादा. तुमच्या गाडीचा पॅक ३४० व्होल्टचा आणि गन २०० अँपिअरची असेल, तर १२० किलोवॅटच्या चार्जरवरही ६८ च्या वर आकडा जाणार नाही. गाडीत दोष नाही, गुणाकारच तेवढा आहे.

तिसरं, ८० च्या पुढे थांबू नका. ग्राफाइटमध्ये जागा भरत आली की लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचू लागतो. तो साचू नये म्हणून बीएमएस (बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा) करंट कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ४० एवढा वेळ लागू शकतो.

कोल्हापूरचं गणित: ९०-१०० च्या वेगाने १०० किमीला १५ युनिट धरा. २३० किमीला साडेचौतीस. ४५ च्या पॅकमध्ये न थांबता पोचाल, पण साधारण २३ टक्केच उरतील. ११५ चा वेग धरला तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० किमीला १८-१९ युनिट जातात आणि कोल्हापूर गाठताना घाम फुटतो. कराडला चहा घेता घेता दहा युनिट भरा, प्रश्न मिटला. ५५ चा पॅक घेतलात तर चहा ऐच्छिक.

---

मिठागर

सोडियमबद्दल थोडक्यात.

'मीठ स्वस्त म्हणून बॅटरी स्वस्त' हे २०२२ मधलं गणित होतं. त्या वर्षाअखेर चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेलं होतं. पुढे तेच लाखाच्या खाली उतरलं आणि सोडियमची किंमतीची आघाडी बसली. त्यात कंपन्याही गेल्या. किलोला १६० वॅट-तासांचा सोडियम सेल जाहीर करणाऱ्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेतल्या नॅट्रॉनने त्याच सप्टेंबरमध्ये गाशा गुंडाळला.

तंत्र मात्र पक्कं आहे. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चालते, महाग तांबं लागत नाही. सेल शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून पाठवता येतो, वाहतूक सोपी. उणे २० अंशांतही दम टिकतो. पण तो फायदा लेह-लाहौलला, आपल्या नगर-सोलापूरला त्याचं काय? सीएटीएलने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेला सोडियम सेल किलोला १७५ वॅट-तासांचा आहे, म्हणजे एलएफपीच्या पंक्तीतला. चीनच्या जेएसीने तर सोडियम पॅकची छोटी गाडी जानेवारी २०२४ पासून ग्राहकांना द्यायला सुरुवात केली.

एक गोष्ट बातम्यांत येत नाही. सोडियम सेलचा व्होल्टेज भरलेला असताना ४ आणि रिकामा होताना २ च्या आसपास उतरतो. शंभर सेल ओळीत जोडले तर पॅक ४०० वरून २०० व्होल्टवर येतो. तेवढीच शक्ती हवी तर करंट दुप्पट. इन्व्हर्टर, केबल, काँटॅक्टर सगळं त्या हिशेबाने जाड. नाहीतर शेवटच्या २० टक्क्यांत घाट चढताना गाडी मलूल होते. एलएफपीत हा त्रास जवळपास नाही.

पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर पुणेबरोबर सोडियम-आयनचं काम केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते दाखवलं. रिलायन्सने ब्रिटनची सोडियम बॅटरीची कंपनी फॅराडिऑन घेतली आहे. माझ्या मते आपल्याकडे सोडियम आधी रिक्षा, स्कूटर आणि सौर प्रकल्पांच्या साठवणीत स्थिरावेल. २३० किमी कोल्हापूर करणाऱ्या गाडीत नाही. तेव्हा फसण्याचा प्रश्न नाही.

---

घाटमाथा

धन्यवाद. चौथा प्रश्न राहिला. त्याला एक शेपूट जोडतो: महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून सकाळी १०० टक्क्यांवर घाट उतरलं तर रिजन (उतारावर मोटर गाडी रोखून बॅटरीत वीज परत भरते ते) मिळत नाही म्हणतात. हे खरं का, आणि त्याने बॅटरीला इजा होते का?

---

कॅथोड

आधी घाट. गाडी माणसांसकट १,७०० किलोची धरा, महाबळेश्वर ते पोलादपूर उतार सुमारे १,३०० मीटर. वस्तुमान गुणिले ९.८१ गुणिले उंची, भागिले ३६ लाख: उत्तर ६ युनिट. यातलं काही हवा आणि टायरमध्ये जातं, काही मोटर-इन्व्हर्टरमध्ये. ३ ते ४ युनिट परत येतात, म्हणजे ४५ च्या पॅकमध्ये ७ ते ९ टक्के. बॅटरी १०० वर असेल तर ती ठेवायला जागाच नाही. बीएमएस रिजन बंद करते किंवा अगदी कमी करते. बॅटरीला इजा होत नाही, इजा टळावी म्हणूनच ते बंद होतं. त्रास होतो चालवणाऱ्याला. एका पेडलवर चालवायची सवय असते, पाय उचलतो आणि गाडी हळू होण्याऐवजी सुटते. आंबेनळीच्या पहिल्याच वळणावर हे कळणं बरं नाही. वरून निघताना ८५-९० टक्के पुरेत. चार्जिंगची मर्यादा ॲपमधून ९० वर ठेवून झोपा.

जाता जाता: रिजनमुळे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत आणि कोकणातल्या पावसात डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये चार-पाच वेळा ठामपणे ब्रेक दाबा. न्यूट्रलमध्ये रिजन नसतं, पॅड डिस्कला घासून साफ करतात.

आता १०० की ८०. दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

विश्रांतीत असलेला एलएफपी सेल ५० टक्क्यांवर साधारण ३.३० व्होल्ट दाखवतो आणि ९० वर ३.३३. मधल्या ४० टक्क्यांत फरक फक्त ३० मिलिव्होल्ट. एनएमसीत (निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीत) याच टप्प्यात ४०० मिलिव्होल्टच्या आसपास फरक असतो. एलएफपीत मोजमापात ४-५ मिलिव्होल्टची चूक झाली तरी पाच-सात टक्क्यांचा घोटाळा होतो. म्हणून बीएमएस व्होल्टेज सोडून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजत बसते. त्या मोजणीत रोज थोडी चूक साचते. दोन महिने ३० ते ८० मध्येच खेळलात तर स्क्रीनवरचे २० टक्के प्रत्यक्षात १२ असू शकतात. मग १५ वरून थेट ५ वर उडी, आणि लोक म्हणतात बॅटरी गेली. बॅटरी ठीक असते, हिशेबनीस चुकलेला असतो. १०० जवळ आल्यावर व्होल्टेज ३.४५ च्या वर झपाट्याने चढतो, तिथे बीएमएसला खूण सापडते आणि ती पाटी कोरी करते.

दुसरं काम तिथेच होतं, बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं. साध्या पॅकमध्ये प्रत्येक सेलला छोटा रेझिस्टर असतो. तो जास्त भरलेल्या सेलचा ५०-१०० मिलिअँपिअर करंट जाळतो. १३० अँपिअर-तासाच्या सेलमध्ये २ टक्के फरक म्हणजे २.६ अँपिअर-तास. १०० मिलिअँपिअरने २६ तास. आणि हे फक्त वरच्या टोकाला चालतं. म्हणून एकदा १०० केलं आणि झालं असं होत नाही. स्लो चार्जरवर १०० झाल्यावर गन आणखी दोनतीन तास लावून ठेवा, आणि असं दहा-बारा आठवडे, दर आठवड्याला एकदा करा. फास्ट चार्जरवर १०० करून हे साधत नाही. तिथे काम अर्धवट राहतं आणि मागच्या माणसाच्या शिव्या मिळतात.

मग ८० वाले का बरोबर? कारण भरलेल्या अवस्थेत पडून राहणं एलएफपीलाही मानवत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं की एलएफपी सेल वरच्या टोकाला फिरवत ठेवले तर क्षमता लवकर घटते. त्यात उष्णता भर घालते. दर १० अंशांना आतल्या नासाडीचा वेग साधारण दुप्पट धरतात.

म्हणून रोज ७०-८० पर्यंत. आठवड्या-पंधरवड्याने एकदा स्लो चार्जिंगने १०० करा, वेळ अशी साधा की दोनतीन तासांनी गाडी बाहेर पडेल. शुक्रवारी रात्री भरून शनिवारी सकाळी कोल्हापूर, हे उत्तम. १०० करून आठवडाभर लग्नाला जाणं वाईट. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर ४०-५० वर सोडा. आणि ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. मोठी भरलेली असूनही गाडी 'मेली' की बहुतेक वेळा गुन्हेगार तीच असते.

---

चोख_वायरिंग

६० मीटरवाल्या केबलकडे कुणीच पाहिलं नाही, आणि पैसे तिथेच चुकतात.

७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर सतत घेतो. ६ चौरस मिमी तांब्याची तार किलोमीटरला साधारण ३.०८ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे ०.३७ ओहम. ३२ अँपिअरला जवळपास १२ व्होल्ट पडतात, ५ टक्के, आणि सुमारे ३८० वॅट तारेतच जळतात. १० चौरस मिमी घेतली तर ७ व्होल्ट, ३ टक्के. म्हणून १० तांबं, किंवा १६ ॲल्युमिनियम आर्मर्ड. ॲल्युमिनियम असेल तर टोकाला बायमेटल लग हवा. तांब्याच्या टर्मिनलमध्ये थेट ॲल्युमिनियम कोंबलं की सहा महिन्यांत सैल होतं आणि जळतं.

४० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, सी कर्व्ह. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची, टाइप ए, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे ना ते विचारा. नसेल तर टाइप बी. इलेक्ट्रिशियन घरगुती टाइप एसी लावून मोकळा होतो. गाडीकडून डीसी गळती झाली तर ती आंधळी होते, पडतच नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोडवर दोनतीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी अर्थिंग सुधारा. गाडी चार्ज घ्यायला नकार देते त्यातल्या बऱ्याच तक्रारी इथे संपतात.

पण मुळात ७.४ हवाय का? रोज ५० किमी म्हणजे ७ युनिट, नुकसान धरून ८. गाडीबरोबर येणाऱ्या ३.३ किलोवॅटच्या पोर्टेबल चार्जरने अडीच तास. ४५ चा पॅक ५ वरून १०० करायलाही रात्र आणि थोडी सकाळ पुरते. फक्त तो घरातल्या ६/१६ अँपिअरच्या मॉड्युलर सॉकेटला लावू नका. ते गिझरच्या अर्ध्या तासासाठी ठीक, १४-१५ अँपिअर दहा-बारा तास चालवल्यावर आतली पट्टी ढिली पडते आणि प्लास्टिक पिवळं होतं. निळा औद्योगिक सॉकेट लावा. ६० मीटरला ६ ची तार १५ अँपिअरला छान चालते. पुढे कधी ७.४ लावण्याचा विचार असेल तर आत्ताच १० टाका. तार बदलण्यापेक्षा डक्ट पुन्हा उघडण्याचा खर्च जास्त. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या किंवा चार्जिंगसाठी वेगळं मीटर घ्या. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलेली वीज पुढच्या वार्षिक सभेत निघते.

---

सेकंडहँड

सगळे 'घ्या' म्हणताहेत, मी थोडा उलट बोलतो. घरी चार्जिंग नसलेल्यांनी आणि रोज ३०० किमी हायवे करणाऱ्यांनी दोनेक वर्षं थांबणं शहाणपणाचं आहे. सॉलिड स्टेटसाठी नव्हे. जास्त व्होल्टेजच्या, वेगाने भरणाऱ्या एलएफपी गाड्या खालच्या किंमतीत उतरतील म्हणून. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये बीवायडीचे ब्लेड सेल आहेत. ७९ युनिटचा पॅक १७५ किलोवॅटपर्यंत घेतो, २० ते ८० टक्के वीस मिनिटांत असा कंपनीचा दावा. आज ते वरच्या किंमतीत आहे. खाली यायला फार वर्षं लागणार नाहीत, आणि मग आजच्या ६० किलोवॅटवाल्या गाडीचा जुन्या बाजारातला भाव आणखी खाली येईल. धागाकर्ता आठ-दहा वर्षं ठेवणार असल्याने त्याला हा फटका कमी. तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याला जास्त.

वॉरंटीचं कागद नीट वाचा. 'लाइफटाइम' बऱ्याचदा पहिल्या मालकापुरतं आणि खासगी नोंदणीपुरतं असतं, विकली की वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागू होते. किती टक्के क्षमता उरल्यावर दावा मान्य होतो तो आकडा लेखी हवा; सहसा ७० असतो. पॅकला खालून दगड लागून खोक पडली तर ते वॉरंटीत नाही, विम्यात येतं. तेव्हा पॉलिसीत बॅटरीचं कलम वेगळं आहे का ते बघा. पुराचं पाणीही तसंच.

'बॅटरी भाड्याने' योजनेत नव्या तंत्राची जोखीम टळते असं काहींना वाटतं. बहुतेक वेळा ते बॅटरीवरचं वेगळं कर्जच असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली तेव्हा ९.९९ लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये, किंवा बॅटरीसकट साडेतेरा लाख. फरक ३.५१ लाख, म्हणजे साधारण १ लाख किमीला दोन्ही बाजू सारख्या. वर्षाला वीस-पंचवीस हजार किमी चालवणाऱ्याला चार-पाच वर्षांनी भाडं महाग पडतं. शिवाय दरमहा किमान किलोमीटरची अट असते, ती वेगळी.

---

कॅथोड

किंमतीबद्दल सहमत. आणि क्षमता मोजायला सर्व्हिस सेंटरच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. बॅटरी १० टक्क्यांवर आणा, एसी चार्जरने १०० पर्यंत भरा आणि मीटरचे युनिट लिहा. समजा ४५ युनिटच्या पॅकला मीटरवर ४५ युनिट लागले. गाडीतल्या चार्जरमध्ये वगैरे दहा टक्के जातात, म्हणजे बॅटरीत साडेचाळीस पोचले. ते ९० टक्क्यांसाठी, म्हणून पूर्ण क्षमता ४५. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच चार्जरवर, चार्जिंग चालू असताना एसी बंद ठेवून मोजा. दोनतीन टक्के इकडेतिकडे होतात. पहिल्या वर्षात घट जास्त दिसते, मग वेग मंदावतो. त्याने घाबरू नका.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीतली माहिती फोनवर दाखवणारं छोटं उपकरण) लावणार असाल तर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सेलचा व्होल्टेज बघा. ५०-६० टक्क्यांवर, गाडी तासभर उभी असताना फरक १०-२० मिलिव्होल्टच्या आत हवा. ९९ टक्क्यांवर चार्जिंग चालू असताना तो १०० च्या वर दिसला तरी दचकू नका, तिथे वक्रच उभा चढतो. मधल्या टप्प्यात एकच सेल सातत्याने ५० मिलिव्होल्ट खाली दिसत असेल तर मात्र स्क्रीनशॉट काढा आणि वॉरंटीत असतानाच लेखी तक्रार द्या.

---

घाटमाथा

५५ चा पॅक, ३.३ चा चार्जर, १० चौरसची केबल आणि निळा सॉकेट. सोसायटीला अर्ज उद्या देतो. चोख_वायरिंग, एक विचारायचं राहिलं: पोडियमच्या छतातून केबल नेताना ती आगीच्या पाइपजवळून जाते. चालेल?

---

चोख_वायरिंग

पाइपला बांधू नका, त्याच्या क्लॅम्पवर टेकवूही नका. वेगळा जीआय ट्रे, पाइपपासून एक वीत अंतर, दर मीटरला टाय. स्लॅबमधून आरपार जाते तिथे फायर सीलंट भरून घ्या आणि त्याचा फोटो अर्जाला जोडा. एमसीबीचा डबा पार्किंगमध्ये जमिनीपासून किमान दीड मीटर वर लावा, पावसाळ्यात तळघरात पाणी येतं.